शिळेची ऊब

पापडीला तुळशीदासच्या केळीच्या वाडीत विटांवर मांडलेल्या शिळेपुढे सकाळी सातलाच रांग लागायची. प्रत्येकाच्या हातात आपल्या विहिरीच्या पाण्याची कळशी. कुणाच्या विहिरीचं पाणी शिळेला जास्त मानवतं, यावरून दोन घरांत अबोलाही झाला होता. अभिषेक झाला की पाच-दहा मिनिटांत काळी शिळा तापायला लागे आणि गर्दी हात जोडी.

"पृथ्वी जन्मली तेव्हा आगीचा गोळा होती," तेजोनाथ महाराज माइकवरून सांगत. "हे सायन्सवालेही मानतात! सगळी निवली, एवढी शिळा तेवढी राहिली. ही पृथ्वीच्या जन्माची ऊब आहे, भक्तहो! हिच्यापुढे कुठला रोग टिकतो?" महाराज स्वतः विरारला फ्लॅटमध्ये राहत. तिथे एसी होता.

मी सरला, निवृत्त विज्ञानशिक्षिका. असल्या तमाशाकडे मी फिरकलेही नसते. पण तुळशीदास म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, प्रेमलाचा नवरा. प्रेमलाला मधुमेह, पावलाला जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज ड्रेसिंग करा, नाहीतर पाय गमवाल. महाराजांनी सांगितलं, ड्रेसिंग सोडा, नऊ दिवस पाऊल शिळेवर ठेवा. मला कळलं तो सातवा दिवस. पावलावर फोड आले होते आणि बाईसाहेब खुशीत होत्या.

"ताई, जरासुद्धा दुखत नाही गं!"

दुखणार कसं? मधुमेहाने पावलाची जाणीवच गेली होती. माझं डोकं फिरलं. मी तशीच रांग मोडून पुढे गेले.

"महाराज, ही ऊब किती वर्षांची?"

"चारशे कोटी!"

"सोमवारी चाळीस कोटी म्हणालात म्हणे."

कुणीतरी खुसखुसलं. महाराज मुरलेले होते. "तुमचे शास्त्रज्ञ काय वेगळं करतात, बाई? त्यांचाही आकडा बदलतोच की!"

झोंबलं, कारण खरं होतं. दीडशे वर्षांपूर्वी लॉर्ड केल्विन यांनी हाच हिशेब मांडला होता: तापलेला गोळा इतका निवायला किती वर्षं लागतील? शेवटी त्यांनी आकडा दोन ते चार कोटींवर आणला. खडक अभ्यासणारे म्हणत, खडक घडायला एवढी वर्षं पुरत नाहीत. पण इतक्या मोठ्या माणसापुढे बोलायचं कुणी? त्यांचाच एक जुना सहायक बोलला: आतली उष्णता वर कशी येते, हेच तुम्ही नीट धरलेलं नाही. पुढे किरणोत्सर्ग सापडला. पृथ्वीच्या पोटात नवी उष्णता तयार होतच असते, हे कळलं आणि खडकांचं वय मोजायचं साधनही हाती आलं.

"बदलतो," मी म्हटलं, "कारण त्यांना कुणीतरी विचारतं, ऊब येते कुठून? मीही तेच विचारते. जन्माचीच ऊब असेल तर आधी पाणी कशाला? आज अभिषेकाआधी हात लावू द्या."

"अशुद्ध हाताने शिळा कोपेल!"

"माझ्या बायकोचं जखमेचं पाऊल चालतं," तुळशीदास एकदम म्हणाला, "आणि माझा हात नाही चालत?" त्याने हात टेकवला. चेहरा उतरला त्याचा. "गार आहे."

"रुसली! पाणी घाला, पाणी!" महाराज ओरडले.

तुळशीदासने शिळेभोवतीची केळीची पानं उचलली. खाली विटांमध्ये खाच, खाचेत पांढरी ढेकळं. चाळीस वर्षं हा माणूस सुपारीवर फवारायला मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण बनवतोय. त्याने एक तांब्या ओतला. ढेकळं खदखदली, वाफ उठली.

"कळीचा चुना," तो म्हणाला. "माझ्याच पडवीतला. आणि पहिली कळशी रोज मीच ओतत होतो."

महाराजांनी माइक तिथेच टाकला आणि रिक्षा गाठली.

प्रेमलाची करंगळी गेली, पाय वाचला. हॉस्पिटलमध्ये तिने विचारलं, "ताई, पृथ्वीचं वय आता नक्की ठरलं?"

"चारशे चोपन्न कोटी. पाचेक कोटी इकडेतिकडे."

"म्हणजे अजून चुकू शकतात?"

"शकतात. म्हणून तर तपासत राहतात."

तिने बँडेजकडे पाहिलं. "महाराज एकदाही म्हणाले नाहीत गं, चुकू शकतो म्हणून."

बाबांनो, जखम डॉक्टरला दाखवा. आणि कुठे चमत्काराची ऊब लागलीच, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: ही येते कुठून?