एकटीचं सुराबाया

मी जारिक बोलतेय. बाटिकची लांब चादर. कमरेला गुंडाळलं तर नेसूचं वस्त्र, खांद्यावरून गाठ मारली तर झोळी, पाय पोटाशी घेऊन झोपलं तर पांघरूण. माणसांना वाटतं आम्ही निमूट असतो. निमूट नसतो, नुसत्या घडीत असतो.

माझा जन्म जावा बेटावर, क्लातेनजवळच्या बायात गावात, एका ओसरीवर झाला. चार बायका गरम मेणाने माझ्यावर वेलबुट्टी काढत होत्या आणि पाचवीची निंदा करत होत्या. माझ्या एका कोपऱ्यात मेणाचा थेंब चुकीच्या जागी पडलाय. तो त्यांतली एक फार हसली म्हणून. मग झाडाच्या सालीच्या रंगात मला इतक्यांदा बुचकळलं की मी पिकलेल्या चिंचेच्या रंगाची झाले.

वुर्यानीच्या सासूने मला विकत घेतलं, सुनेच्या सातव्या महिन्याच्या न्हाणासाठी. पुढे मुलगा झाला, प्रिहान्तो. दोन वर्षं तो माझ्या झोळीत वाढला. माझा एक काठ त्याने चोखून चोखून पांढरा केला. तो चालायला लागला आणि माझी रवानगी कपाटात झाली, डांबरगोळ्यांच्या सोबतीला. माणसांची ही एक खोड आहे. चांगली वस्तू चांगल्या प्रसंगासाठी म्हणून ठेवतात आणि तेवढा चांगला प्रसंग येतच नाही.

मला बाहेर काढलं ते सार्जोनोंच्या अंगावर घालायला. सार्जोनो म्हणजे वुर्यानीचा नवरा. एक दुपारभर, त्यांना उचलून नेईपर्यंत, मी त्यांच्यावर होते. त्याबद्दल एवढंच.

नंतर वुर्यानीने मला रिठ्याच्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, पण कपाटात परत ठेवलं नाही. रात्री अंगावर घेऊ लागली.

घर माणसांनी भरून गेलं. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना, सातव्याची, चाळिसाव्याची, शंभराव्याची. गल्लीतल्या बायका भात शिजवायच्या, चहाचे पेले विसळायच्या, वुर्यानीला जेवायला बसवायच्या. शेजारची सुपियाह तर रोज रात्री आपल्या मुलीला सोबतीला पाठवायची. "एकटी कशी झोपशील गं?" फार मायेची माणसं. पण हजाराव्या दिवसाची प्रार्थना झाली तरी येणं काही थांबलं नाही. वुर्यानी नुसती खिडकीशी उभी राहिली तरी कुणीतरी मानाने बू, म्हणजे बाई, म्हणून हाक मारायचं, "काय झालं बू? काही हवंय?"

म्हणूनच की काय, तिने सुराबायाला जायचं ठरवलं. सुराबायात तिचं कुणीच नव्हतं.

तिची तयारी मी जवळून पाहिली, कारण मी तिच्या खांद्यावर असायचे. चष्मा नाकावर घसरलेला, फोन हातात. आगगाडी सकाळची आणि साध्या वर्गाची. स्वस्त म्हणून, आणि दिवसाउजेडी पोचते म्हणून. मुक्कामाला फक्त बायकांची खोली, एकावर एक खाटांची. तिथे राहून गेलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते ती पुटपुटत वाचायची. "दार आतून लागतं. बरं. रस्त्यावर दिवे आहेत. बरं. शेजारीण घोरते." इथे ती जरा थांबली. "मीही घोरते." खाट तिने खालची मागितली, गुडघ्यांसाठी. शहरातल्या बसचं भाडं प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या देऊन भागतं हे कळल्यावर तर तिला इतका आनंद झाला की तिने मोरीतली शाम्पूची बाटलीही उलटी करून ठेवली.

बातामहून प्रिहान्तोचा फोन आला.

"आई, बरोबर कोण आहे?"

"जारिक आहे."

"ती काय करणार?"

"गाडीत गारठा असतो रे."

"मी ईदला येतो ना, मग आपण सगळेच जाऊ."

"त्या वेळीही जाऊ," वुर्यानी म्हणाली.

इथपर्यंत सगळं नीट होतं. घोटाळा कवड्याने केला. सार्जोनोंचा पाळलेला कवडा, पिंजऱ्यातला. त्याला दोन दिवस दाणापाणी कोण घालणार? तिने सुपियाहला विचारलं. झालं!

"सुराबाया! अगं बाई, एकटी? वेडी की काय? मी येते ना! आणि मी येणार तर भिशीतल्या सगळ्या का नकोत? मिनीबस केली की माणशी स्वस्त पडतं. काय गं, चालेल ना?"

"हो," वुर्यानी म्हणाली.

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. हो म्हणायचं, मग जरा थांबायचं, आणि त्या थांबण्यातून समोरच्याने काय ते ओळखायचं. पण सुपियाहच्या पुढे थांबायला जागा कुठे असते? संध्याकाळपर्यंत मिनीबस ठरली, वुर्यानीच्याच तारखांना. दुसऱ्या दिवशी खाऊचे डबे ठरले. गाणी म्हणायचा माईक ठरला. तिसऱ्या दिवशी ठरलं की सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे शिवायचे. पोपटी.

त्या रात्री वुर्यानीने मला डोक्यावरून घेतलं. तिचा श्वास मला गरम लागत होता. गाडीचं तिकीट अजून तिच्याकडेच होतं. ते जपून ठेवायचं की परत करून पोपटी ब्लाऊजचं माप द्यायचं, एवढंच उरलं होतं.

भिशी त्या महिन्यात वुर्यानीच्याच घरी होती. चटईवर बायका, मधे तळलेली केळी आणि चहा. सुपियाहने कापडाचा गठ्ठा सोडला.

"हे बू वुरचं. जरा जास्त घेतलंय, हल्ली भरलीयस तू."

"तुझ्या केळ्यांनी भरलीय ती," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.

वुर्यानी हसली नाही. माझा काठ तिने बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. त्या बोटाला घाम होता.

"मी बसने येणार नाही," ती म्हणाली. "मला एकटीला जायचंय."

पेले होते तिथे राहिले. 

"आमचं काही चुकलं का?" सुपियाहचा आवाज बारीक झाला.

"नाही गं. तुम्ही नसतात तर मी उभी राहिले नसते."

"मग?"

"दोन दिवस कुणी माझी काळजी करू नये, असं वाटतं. दोनच दिवस."

सुपियाह कापडाच्या घड्या घालू लागली, घातलेल्याच पुन्हा. तेव्हा कोपऱ्यातून गल्लीतली सगळ्यांत म्हातारी आजी, म्बाह कार्सिनाह, बोलली. तोंडात केळं होतं.

"सोडा की तिला. बस ठरलीय ना? मग समुद्रावर चला."

"आजी, तुम्हाला समुद्रावर कोण सांभाळणार?"

"मला कशाला सांभाळता? बसमधे एक जागा रिकामी झालीय, ती माझी. आणि मला पोपटी शोभतो."

हशा पिकला, पण सुपियाह त्यात नव्हती. ती चहा अर्धा ठेवून गेली. वुर्यानीला नीट झोप लागली नाही आणि मलाही. एकदा नाही म्हणण्याने इतक्या वर्षांची मैत्री तुटते का, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

सकाळी दारात गोणी आपटल्याचा आवाज झाला. सुपियाह. गोणीत रिकाम्या बाटल्या, गल्लीभर फिरून गोळा केलेल्या.

"बसने फुकट फिर," ती म्हणाली. "कवडा मी बघते. पण रिकाम्या हाताने परत आलीस तर घरात घेणार नाही. मला कोळंबीच्या पापड्या आण."

तर अशी मी निघाले. बाटल्या चेपून माझ्यातच बांधल्या होत्या. वुर्यानीच्या पाठीवरून आम्ही अशा खडखडत होतो की स्टेशनवरची माणसं वळून बघत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. गाडीत बाटल्या बाकाखाली सारून तिने मला पांघरलं आणि सोलो शहराच्या पुढची सगळी भातशेतं ती खिडकीतून, कुणालाही न दाखवता, बघत राहिली.

आत्ता दुपार आहे. सुराबायातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, रुजाकवालीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तिखट चटणीत फळं-भाज्या कालवून विकणारीच्या, बाकावर ती बसलीय आणि मी तिच्या मांडीवर. रुजाकवालीने दगडी पाटा पुसला, शेंगदाणे घेतले आणि मान वर न करता विचारलं, "मिरच्या किती, बू?"

 सार्जोनोंना तिखट अजिबात चालत नसे. लग्नापासून तिने घरात मिरची वाटली नव्हती. ते गेल्यावर आलेल्या बायकांनीही त्यांच्याच सवयीचं रांधलं. तिला किती लागतात हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"किती?" रुजाकवालीचा वरवंटा हवेत थांबला होता.

"तीन," वुर्यानी म्हणाली. मग म्हणाली, "नाही, पाच."

आता ती खातेय. नाक वाहतंय, डोळे वाहतायत, ओठ लाल झालेत, आणि ती थांबत नाहीये. माझ्या काठाने ती तोंड पुसते आणि पुन्हा घास घेते. डोळ्यांतलं पाणी मिरचीचं किती आणि कशाचं किती, ते मी सांगणार नाही. मी तिची चादर आहे.

तुम्ही एवढंच करा. बाकावर अशी एखादी बाई एकटी बसलेली दिसली, तर बरोबर कोण आहे ते विचारू नका. पाण्याचा पेला तिच्याकडे जरा सरकवा, आणि तिला खाऊ द्या.