वादळ ओसरलं, असं टीव्ही म्हणाला

"वादळ किनाऱ्याले लागलं म्हणून बिनधास्त नको राहू बेटा," वरच्या मजल्यावरचे देवानंदकाका गेल्या वर्षी म्हणाले होते, आणि माधवी हसली होती. भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झालेले काका बंगालच्या उपसागरातल्या प्रत्येक वादळाच्या तारखेला कॅलेंडरात लाल गोल करायचे. चाळीस वर्षांची कॅलेंडरं गादीखाली होती. "पहिले लय यायचे, पन किनाऱ्यालेच दम तोडायचे. आता कमी येतात, पन पाहता पाहता फुगतात, अन् जमिनीवर आले तरी लवकर मरत नाही."

माधवी भूगोलात एम.ए. गादीखालच्या शास्त्रावर ती कशाला विश्वास ठेवते! समुद्र कुठे, भिलाई कुठे!

या ऑक्टोबरात आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं. दोन दिवस टीव्हीवर झाडं पडली, मग बातमी आली, वादळ ओसरलं. सेक्टरातल्या बायकांनी दिवाळीसाठी धुतलेल्या गोधड्या पुन्हा गच्चीवर टाकल्या. भिलाईची ही जुनी खोड, किनाऱ्यावरची बातमी संपली की आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतं. माधवीला मात्र तो शब्द खुपला. ओसरलं, म्हणजे गेलं कुठे?

दुपारी कळलं. आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. आठ महिन्यांच्या ईराला कडेवर घेऊन माधवीने जवळच्या जामुल गावी फोन लावला. सासूबाई, प्रेमला, तिथे नाल्याकाठच्या घरात एकट्या राहायच्या.

"आई, घरात पाणी तर नाही न आलं?"

"कोरडं ठणठणीत हाय. तू कावून घाबरून राहिली? मी सैपाकघरात भाकर टाकून राहिली."

"पाऊस किती आहे तिकडे?"

"हाय थोडासा. पोरीले टोपडं घाल. अन् समीरले काही सांगू नको, ड्युटीवर हाय तो."

फोन ठेवला तरी माधवीचं मन काही थाऱ्यावर येईना. सगळं कोरडं आहे, तर सांगू नको ते कशाला? मग एकदम डोक्यात आलं. त्या स्वयंपाकघरात नेटवर्क येतच नाही! बोलायचं तर जिना चढून पत्र्याच्या खोलीत जावं लागतं. आणि आवाज तर अगदी स्पष्ट होता, मागे पत्रा ताशासारखा वाजत होता.

तिने नवऱ्याला, समीरला, फोन केला. "आई खोटं बोलून राहिल्या."

"तुले तर साऱ्यांवरच शक! काल दूधवाल्यावर होता, आज माझ्या मायवर."

"असू दे शक. आत्ताच्या आत्ता जा."

तासाभराने त्याचा फोन आला. धापा टाकत होता. खाली मांडीभर पाणी. आई वरच्या खोलीत, घाईत जिन्यावर घसरलेली, घोटा टम्म सुजलेला. उतरता येत नव्हतं, आणि पाणी एकेक पायरी चढत होतं. त्याने तिला पाठीवर घेऊन पाण्याबाहेर आणलं होतं.

"लेकराले घेऊन पावसात धावत येशील म्हणून नाही सांगितलं वं," मागून प्रेमलाबाई म्हणाल्या.

"अन् मी नसतं ओळखलं तर?" माधवीचा आवाज फाटला.

तुमच्याही घरचं कोणी नाल्याकाठी, खालच्या मजल्यावर एकटं राहत असेल. आज फोन करा. सगळं ठीक आहे म्हणाले, तरी कोणाला तरी दारापर्यंत पाठवा.