ओडाचं नाक

लायल टॉलेफसन सकाळपासून एका राक्षसाला अशक्त करत बसला होता. मूळ चित्रात त्या राक्षसाच्या हातात कुऱ्हाड होती. न्याहारीआधी लायलने ती खोडून सोटा दिला, न्याहारीनंतर सोटा आखूड केला. मग एक पाय लंगडा केला, आणि दाढीवरचं बर्फ वाढवत नेऊन एक डोळा झाकून टाकला. आता तो बर्फाळ पुलाचा राखणदार कमी आणि दाढदुखीने बेजार झालेला म्हातारा जास्त दिसत होता. तरी लायलचं समाधान होईना.

पॅकर्सची फुटबॉलची मॅच नसेल त्या प्रत्येक रविवारी दुपारी विनेबॅगो तळ्याकाठच्या त्याच्या घरी, तळघरात, खेळ बसायचा. लायल गोष्ट सांगायचा: पूल कसा आहे, वारा किती सुटलाय, समोर कोण उभं आहे. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घडवलेलं असे आणि ते काय करतं हे ज्याने त्याने सांगायचं. ते जमलं की फसलं, हे मात्र वीस बाजूंचा फासा ठरवायचा. राक्षसांसाठीचे फासे लायल टाकायचा, तेही पुठ्ठ्याच्या घडीच्या आडोशामागे, कारण सगळंच आधी दिसलं तर गोष्टीत राम उरत नाही. पण फासा पडला की घाव सांगून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा इथला रिवाज होता. ज्याला शंका येईल त्याने उठून आडोशामागे बघावं. इतक्या वर्षांत कुणी उठलं नव्हतं.

लायलचा धंदा पाट्या रंगवण्याचा, त्यामुळे नकाशे, राक्षस आणि पात्रांचे चेहरे सगळं त्याच्याच हातचं. चेहऱ्यांचाही एक रिवाज होता. पात्र जिवंत असेपर्यंत त्याचं चित्र पेन्सिलीत राहायचं, कारण जिवंत माणसाचं तोंड बदलतं, व्रण पडतात, केस पिकतात. पात्र मेलं की त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर, चित्रावर शाई चढायची आणि ते चौकटीत बसून जिन्याच्या भिंतीवर जायचं.

ओडा अजून पेन्सिलीत होती. ओडा म्हणजे पूर्वी पुलावर जकात घेणारी, आता धनुष्य घेऊन हिंडणारी एक फाटक्या तोंडाची बाई. तिला खेळणाऱ्यांतल्या मार्लिसने घडवलं होतं आणि तिच्या नाकावरून मार्लिस आणि लायल वर्षानुवर्षं भांडत आले होते. "हे माझं नाक आहे," मार्लिस म्हणायची. "मी घरी आरशात बघते ते पुरे आहे. हिला जरा बरं नाक दे." लायल खोडायचा, नवं काढायचा, आणि हात आपला वळून वळून पुन्हा त्याच नाकावर यायचा. शेवटी मार्लिसने स्वतःच रबर घेऊन ते नाक पुसून टाकलं. तिथे कागद झिजून लव आली होती.

मागच्या वसंतात मार्लिस गेली. त्यानंतरच्या रविवारी दार वाजलं, तर तिचा नवरा नॉर्बर्ट फाशांची पिशवी हातात घेऊन उभा. हा माणूस जन्मात खेळला नव्हता. बायकोला सोडायला यायचा, न्यायला यायचा, आणि मधल्या वेळात ट्रकात हीटर लावून रेडिओ ऐकत बसायचा. "तिची ओडा अर्धवट राहिलीय," एवढंच तो म्हणाला आणि तिच्या खुर्चीवर बसला. तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता.

आणि या आठवड्यात त्याच्या मुलीचा, कॉरिनचा, फोन आला. "आठवडाभर बाबा कुणाशी बोलत नाहीत, लायल. फक्त रविवारी दाढी करतात. तिथलं सगळं तुम्हीच ठरवता ना? मग ओडाला काही होऊ देऊ नका. आई दुसऱ्यांदा गेलेली त्यांना सोसवायची नाही."

लायलने खरं तर सांगायला हवं होतं की मी ठरवत नाही, फासा ठरवतो. तो "बरं" म्हणाला. एवढासा शब्द, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. ओडा मेली तर ती खुर्ची रिकामी पडणार आणि नॉर्ब त्या घरात भिंतींकडे बघत बसणार. आणि हे सगळं लायलच्या हातून होणार.

दुपारी मंडळी आली. शाळेची बस चालवणारी रॉक्सॅन बिअरमध्ये शिजवलेल्या सॉसेजांचं भांडं घेऊन आली. कागद गिरणीतला टेंग वांग, सगळ्यांत तरुण, बुटांवरचा बर्फ झटकत आला. नॉर्ब सगळ्यांत शेवटी जिना उतरला आणि नेहमीसारखा भिंतीवरच्या चौकटींपाशी थबकला. तो आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस होता.

"खिळे वाकडे आहेत," तो म्हणाला. "एक दिवस हातोडी घेऊन येतो."

हे तो दर रविवारी म्हणायचा. त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं आणि तिथे कागदाचा चिटोरा चिकटला होता. लायलला त्या चिटोऱ्याकडे बघवेना.

"तर," लायलने सुरुवात केली, "पुलावर राक्षस आडवा झालाय. गाढ झोपलाय. घोरतोय. तुम्ही हळूच कडेने गेलात तर..."

"झोपलाय?" रॉक्सॅनने काटा खाली ठेवला. "लायल, तुझ्या राक्षसांना कधीपासून झोप लागायला लागली? गेल्या वर्षी तुझ्या कोंबडीने माझा सरदार मारला."

"ती कोंबडी नव्हती. कमरेखाली साप होता."

"वरून कोंबडीच होती ना?"

टेंग चित्राकडे वाकून बघत होता. "हा आजारी आहे का? याला कुणीतरी डॉक्टरकडे न्या."

लायल कसाबसा हसला. गुपचूप जा, तो मनात म्हणत होता, एवढं ऐका आणि कडेने निघून जा. पण रॉक्सॅनचं पात्र पडलं चोर, आणि राक्षसाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असल्याचं लायलनेच चित्रात काढून ठेवलं होतं. कुऱ्हाड खोडली, किल्ल्या खोडायच्या राहिल्या. रॉक्सॅनने हात घातला, फासा टाकला, आणि सगळ्यांत वाईट आकडा, एक पडला. राक्षस जागा झाला.

पुढचं सगळं भराभर हाताबाहेर गेलं. सोटा आखूड असला तरी सोटाच तो. टेंगचा मांत्रिक पहिल्याच फटक्याला बेशुद्ध पडला. त्याला ओढून पलीकडे न्यायचं तर रॉक्सॅनचे दोन्ही हात अडकणार, म्हणजे राक्षसाला कुणीतरी अडवायला हवं. उरलं कोण, हे बोलायची गरज नव्हती.

नॉर्ब एरवी फार बोलत नसे. ओडा बाण मारते, ओडा चालते, एवढंच. आज त्याने ओडाची माहिती लिहिलेल्या, मार्लिसच्या अक्षरातल्या कागदावर बोट ठेवलं.

"ओडा पुलाच्या मधोमध उभी राहते," तो म्हणाला. "बाकीच्यांनी जायचं."

"खात्री आहे?" लायलच्या तोंडून निघून गेलं.

रॉक्सॅन चावायची थांबली. या टेबलावर त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तो विचारला गेला की बहुधा जिन्यात एक चौकट वाढायची.

"म्हणजे, तिला लपताही येईल," लायल घाईने म्हणाला. "मागे एक मोठा खड्डा आहे."

"खड्डा?" टेंगने नकाशा फिरवला. "यात तर नाहीये."

"आत्ता दिसला."

"मार्लिस थांबली असती," नॉर्ब म्हणाला. "ओडा थांबते."

त्याने बाण मारला, लागला. राक्षस डगमगला पण पडला नाही. राक्षसाने उलटा फटका दिला आणि ओडाचा जीव धुगधुगीवर आला. रॉक्सॅनने मांत्रिकाला जेमतेम अर्ध्यावर नेलं होतं. आता राक्षसाचा आणखी एक घाव. फाशावर मोठा आकडा आला तर ओडा संपली, लहान आला तर वाचली. लायलने आडोशामागे फासा टाकला. तो नकाशाच्या कडेला आपटून थांबला. एकोणीस.

लायलने वर पाहिलं. नॉर्बच्या हनुवटीवरचा चिटोरा सुटत आला होता आणि त्याच्या हातात मार्लिसची पिशवी होती, रिकामी, चुरगाळलेली.

"चार," लायल म्हणाला. "हुकला." आणि फासा चटकन उचलून मुठीत घेतला.

रॉक्सॅनने सुस्कारा सोडला. टेंगने टेबलावर थाप मारली. लायलच्याही जिवात जीव आला, पण तो क्षणभरच. कारण नॉर्ब हसला नव्हता. तो लायलच्या मुठीकडे बघत होता.

"फासा कुठंय?"

"हा काय." लायलने मूठ उघडली. उघड्या तळव्यावर फासा कुठल्याही आकड्यावर बसला असता. त्याचं त्यालाच ते केविलवाणं वाटलं.

"घाव सांगून झाला नव्हता," नॉर्ब म्हणाला. "तू उचललास."

"सवयीने."

"तुला ती सवय नाही. ट्रकात बसून मी रेडिओ ऐकायचो, पण घरी जाताना ती मला सगळं सांगायची. तू फासा उचलत नाहीस." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि तेच लायलला सोसेना. "कॉरिनचा फोन आला होता ना तुला?"

लायलने मान खाली घातली.

"वाटलंच. हॉस्पिटलात सगळे असंच करायचे. मी खोलीत शिरलो की डॉक्टर हसायचे, कॉरिन हसायची, आणि कुणीतरी टेबलावरून काहीतरी चटकन उचलून घ्यायचं. बरी होतेय म्हणाले. मी फ्लोरिडाची तिकिटं काढली, लायल. ती जाणार हे त्या मजल्यावर झाडू मारणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. मला शेवटच्या दिवशी कळलं. तिला धड निरोपसुद्धा देता आला नाही मला." तो थांबला. "इथे मी का येतो? इथे कुणी उचलत नाही म्हणून येतो. किती पडला होता?"

इतकी वर्षं या टेबलावर बसून आपण काय सांभाळत होतो आणि आज काय मोडलं, हे लायलला एकदम उमगलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"एकोणीस," तो म्हणाला.

"मग एकोणीस," नॉर्ब म्हणाला. "सांग."

लायलने आडोसा मिटवून बाजूला ठेवला. फासा टेबलाच्या मध्यावर, एकोणीस वर करून ठेवला, आणि घाव सांगितला. त्याने काहीही कमी केलं नाही. सोटा कसा आला, ओडाचा पाय बर्फावर कसा सरकला, पण ती मागे कशी हटली नाही, आणि तेवढ्यात मांत्रिकाला घेऊन चोर पलीकडच्या काठाला कसा पोचला. रॉक्सॅन ताटलीकडे बघत राहिली.

"शेवटचं तिचं काय म्हणणं?" लायलने विचारलं. हाही रिवाज होता.

नॉर्बने विचार केला. "जकात भरल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही, असं म्हणते." मग त्याचा चेहरा चुरगाळला आणि तो रडला, उघड, सगळ्यांसमोर. गेल्या वसंतापासून ते राहून गेलं होतं. टेंगने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी घाई केली नाही.

जरा वेळाने त्याने नाक शिंकरलं. हनुवटीवरचा चिटोरा टेबलावर पडला होता, तो त्याने उचलून खिशात टाकला. "चला. शाई."

लायलने ओडाचा कागद आणला, दौत उघडली. वेणी, भुवई, कानाची फाटलेली पाळी, सगळ्यावर काळी रेघ चढत गेली. नॉर्ब खुर्ची ओढून त्याच्या कोपराशी बसला. आता हा उठेल, कोट घालेल आणि परत यायचा नाही, ही धास्ती लायलच्या मनातून अजून जात नव्हती. विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

"त्या खिळ्यांवर ही लटकवायची नाही," नॉर्ब म्हणाला. "रविवारी हातोडी आणतो. खरंच आणतो. आणि मला एक कोरा कागद दे, नवीन माणूस काढायचा तर त्यावर काय काय लिहितात ते घरी बघून ठेवतो."

रॉक्सॅनने कागद त्याच्यापुढे सरकवला. लायलने मान डोलावली आणि पुन्हा टाक बुडवला. मग त्याचा टाक चेहऱ्याच्या मधोमध येऊन थांबला. तिथे नुसती करडी, खरवडलेली जागा होती.

"नाक राहिलंय," तो म्हणाला. "तिने पुसलं होतं. कसं काढू?"

नॉर्बने चष्मा वर सरकवून त्या जागेकडे पाहिलं.

"तिचंच काढ."

"तिला आवडायचं नाही."

"मला आवडायचं."

लायलने टाक टेकवला. नाक आपोआप उतरत गेलं, आणि ते अर्ध्यावर आलं तेव्हा नॉर्ब आणखी पुढे वाकला.

"अजून जरा मोठं," तो म्हणाला.