पंखाचा साक्षीदार

तिने लाकडाचा जोडतुकडा शिकंज्यात आवळला आणि हातोडीचा एकच घाव घातला. कट्‌कन आवाज झाला. अर्धा तुकडा गॅरेजच्या फरशीवर उडाला.

"काय म्हणतो साक्षीदार?" विमानाच्या अर्धवट पंखाच्या पलीकडून नवऱ्याने विचारले.

तिने तुटलेली कड उजेडात धरली. गोंदाची रेघ शाबूत होती. फाटले होते ते लाकूड.

"लाकूड फाटलंय."

"मग झालं तर. आज उजव्या पंखाचं पोट प्लायवूडनं बंद करून टाकू."

साक्षीदार ही त्या गॅरेजची रीत होती. पंखासाठी गोंद कालवला, की त्याच भांड्यातल्या गोंदाने दोन फळकुटे चिकटवून ठेवायची आणि वाळली की फोडून पाहायची. लाकूड फाटले तर गोंद पक्का. सांधा सुटला, तर त्या गोंदाने बसवलेली पंखाची प्रत्येक फासळी उपटायची. पंखातला सांधा काही फोडून बघता येत नाही. त्याच्या वाटणीचा मार या तुकड्याने खायचा.

फोडायचे काम तिने आपणहून मागून घेतले होते. नवऱ्याने विमान बांधायला घेतले, तेव्हापासून तिला ते पडण्याची धास्ती होती. सुरुवातीला तिने नाना खुसपटे काढली. चांगल्या लाकडात तिला गाठ दिसायची, सरळ फासळी वाकडी वाटायची. शेवटी तो हसून म्हणाला होता, "अगं, तुझ्या भीतीचं ऐकलं तर आपण जिनाही चढायचो नाही." मग तिने ठरवले, भ्यायचेच तर डोळे उघडे ठेवून. साक्षीदार केरात जाऊ नयेत म्हणून ती ते ओले असतानाच स्वयंपाकघरात नेऊन ठेवी, शेगडीवरच्या फळीवर, नजरेसमोर. आजवर एकही हरवला नव्हता.

तो प्लायवूडचा ताव उचलायला वाकला.

"जरा ते टोक धर. हात चोळून घे आधी, गॅरेजचं बर्फ झालंय नुसतं."

तिने टोक धरले. फुटका तुकडा दुसऱ्या हातात तसाच होता. तो अजून कोमट होता.

मग तिने ताव खाली टेकवला, वाकून फासळीच्या बुडाशी ओघळून वाळलेला गोंदाचा थेंब शोधला आणि त्यावर नख दाबले. नख आत गेले.

"थांबा."

"आता काय?"

"साक्षीदार घरात वाळला, शेगडीच्या उबेला. पंख इथे वाळला."

तो हसला. "पुन्हा गाठ दिसली वाटतं."

भिंतीवरची पटाशी काढून तिने शेवटच्या फासळीखाली सारली आणि हलकेच उचकटले. काही मोडल्याचा आवाज आला नाही. ओल्या बरणीवरचा कागद सुटावा तशी फासळी वर आली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुटलेल्या जागेवरून बोट फिरवले.

"थंडीत वाळायचा अडला," तो म्हणाला. "असा गोंद पुढे उन्हाळ्यात वाळतो. दगडासारखा दिसतो. पण त्यात जोर येत नाही, कधीच."

मागच्या भिंतीला डावा पंख टांगलेला होता. गेल्या हिवाळ्यात पुरा झालेला, बंद केलेला, पांढरा रंग दिलेला. त्यावरचा निळा पट्टा लेकीने ओढला होता. मागच्या सीटवर पहिली मी, असे तिने बापाला बजावून ठेवले होते.

"डाव्याचे साक्षीदार," हातातल्या फासळीकडे बघतच त्याने विचारले, "ते कुठे ठेवायचीस?"



"तिथेच. फळीवर."

"सगळे?"

"सगळे."

तो उठला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने डाव्या पंखावर तळवा ठेवला. मग बोटाच्या पेराने ठोकले. आवाज खणखणीत आला. चांगला पंख याहून वेगळा वाजला नसता, हे तिच्या ध्यानात आले.

"एखाद वेळेस हा पक्का असेलही," तो म्हणाला.

एरवी घडोघडी खोट काढणारी ती काहीच बोलली नाही. तो तिच्या बोलण्याची वाट बघत राहिला.

"करवत दे," अखेर तो म्हणाला.

दोघांनी पंख उतरवून टेबलावर आडवा घातला. त्याने निळ्या पट्ट्याच्या अलीकडे करवत टेकवली, पण हात हलेना. तिने त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि पहिली ओढ घेतली. पांढरा भुसा दोघांच्या चपलांवर पडू लागला.