अंगठ्याएवढा गंज

मित्रांनो, मी एक तलवार आहे, जुनी. माझ्या मुठीजवळ एका शिपायाचं नाव होतं:

(                    )

जागा रिकामी दिसते ना? राहू द्या तशीच.

मी बोटीनं, नदीवरून पाराग्वेत आले. शेजारी देशांशी झालेल्या मोठ्या युद्धात त्या अनवाणी शिपायाच्या कमरेला होते. लढाईच्या आदल्या दिवशी त्यानं खिळ्यानं माझ्यावर स्वतःचं नाव कोरलं, वेडंवाकडं, वरवर. दुसऱ्या दिवशी मी गवतात पडले. तो कुठे पडला, कोणालाच कळलं नाही.

एका शेतकऱ्यानं मला उचललं. त्याच्या घरी मी ऊस तोडला.

मग पिरिबेबुय गावच्या एलादियोनं मला घरी नेलं. त्याला जुन्या हत्यारांचा नाद. तो मला जीव लावायचा, पण हातमोजे घालून. घामानं पोलाद गंजतं, म्हणून उघड्या हाताला बंदी. काचेच्या कपाटात एका बाजूला संगीन, दुसऱ्या बाजूला बंदूक. बोलायला आमच्याकडे विषय एकच होता आणि तो कोणालाच नको होता.

एलादियोनं त्या शिपायाची नात शोधून काढली: शेजारच्या गावची तोमासाआजी. आजोबांची कबर नाही, तसबीर नाही. त्यांच्या हातचं हे कोरलेलं नाव एवढंच उरलेलं. ती रविवारी बघायला येणार होती.

शनिवारी एलादियो बाजारात गेला. त्याची बहीण निमिया कपाटाशी आली. पाहुणीला काळवंडलेलं लोखंड काय दाखवायचं, म्हणून तिनं मला लिंबू आणि विटेच्या भुकटीनं घासलं. मनापासून, गुणगुणत.

एलादियो परतला. मला उजेडात धरून खालीच बसला.

"अगं, तो मळ नव्हता. नाव कुठंय?"

"मला वाटलं, ओरखडे आहेत, दादा."

आजी आली. एलादियोनं मान खाली घालून सगळं सांगितलं. निमिया 'माते' या पानांच्या थंड पेयाचा पेला धरून दारातच उभी. आजीनं चष्मा लावला. काढून ठेवला.

"नाव काय, माझ्या तोंडात आहे. अक्षर त्यांचं होतं."

मग ती निमियाकडे वळली. "लिंबं वाया घालवलीस, पोरी. तो पेला तरी दे इकडे."

पण पेला घेण्याआधी तिनं त्या जागेवर उघडा अंगठा दाबला. कितीतरी वर्षांत मला कोणाची कातडी लागली नव्हती.

ती गेल्यावर एलादियो फडकं घेऊन आला. थांबला. फडकं खिशात घातलं.

आता तिथं तांबूस गंज चढलाय, अंगठ्याएवढा, रेषांसकट. आजी पुन्हा आली नाही. कपाट बंद आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण घासायला घेण्याआधी एकदा नीट बघा, तो डाग आहे की कोणी माणूस आहे.