न करपलेला पाक

आमच्या कोकापच्या डोंगरात पुरुषांनी माडावर चढून रस उतरवायचा आणि बायकांनी त्याचा गूळ करायचा. माझी आई, सिम्बोक, गुळाच्या पाकासाठी नावाजलेली होती. गूळ फोडून पाण्यात विरघळवायचा, पांदानची सुवासिक पानं गाठ मारून टाकायची, वर आलेली मळी काढायची, फडक्यातून गाळून पुन्हा चुलीवर ठेवायचा. ढवळणं असं की पळीचा आवाज यायचा नाही. पोरीचं लग्न ठरलं की लोक आधी सिम्बोकला पाकाचं सांगून ठेवत, मांडवाचं नंतर. कारण आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची आई दारात दावेत विकायला बसते. बाप तिच्या डोक्यावर छत्री धरतो आणि पाहुणे पैशांऐवजी खापराचे तुकडे देऊन नारळाच्या दुधातल्या त्या हिरव्या शेवया पितात. त्यातला पाक बिघडला तर गाव वर्षभर बोलतं.

माझ्या लग्नाच्या वेळी तिने तीन दिवस चूल सोडली नाही.

मी मात्र जोग्या शहरात शिकून मास्तरीण झाले होते. नवरा तिथल्याच कारकुनाच्या घरातला. आमच्या पाकाला धुराचा वास यायचा. घरात तो कुणाला जाणवत नसे, पण माझ्या कपड्यांनाही तोच येतो, असं शहरातल्या मैत्रिणी नाक धरून म्हणायच्या. मी वातेसच्या बाजारातून लाल सरबताच्या चार बाटल्या आणून लपवल्या होत्या. त्या सकाळी सिम्बोक अंबाडा घालून घ्यायला गेली, तशी मी पाकाचं मडकं लाकडांच्या ढिगामागे सरकवलं आणि दुसऱ्या मडक्यात बाटल्या ओतल्या.

दारात बसून सिम्बोकने झाकण काढलं. पळी तशीच हातात राहिली.

"यू सुमिनेम, तुझ्या माडांना यंदा लाल गूळ धरला वाटतं!" शेजारची पोनिरा सिम्बोकला म्हणाली. बायका खिदळल्या.

माझ्या होणाऱ्या सासूबाई खापराचा तुकडा घेऊन पुढेच उभ्या होत्या. "बाटलीतलं होय? ते आमच्या गल्लीत मिळतं की. आम्ही तुमच्या हातच्या पाकाचं ऐकून आलो होतो हो."

सिम्बोकने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग विहिणीकडे वळून हसली. "काय सांगू, इबू. म्हातारी झाले. करपला माझ्या हातून."

गूळ करणाऱ्या बाईने असं चारचौघांत म्हणायचं! बापाच्या हातातली छत्री हलली.

सासरी निघताना तिने माझ्या सामानात त्याच पाकाची एक बरणी ठेवली, केळीच्या पानाने तोंड बांधलेली. "सांडू नकोस, न्दुक." एवढंच.

आठवड्याने सासूबाईंनी ती उघडली आणि बोट बुडवून चाखलं. "हा कुठला गं? असा पाक जन्मात चाखला नाही."

खरं सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "वातेसच्या दुकानातला."

"मग दर खेपेला आणत जा."

एकोणीस वर्षं आणला. सिम्बोक विचारायची, "आवडतो का गं त्यांना?" मी म्हणायचे, "फार." मग ती चुलीत आणखी एक लाकूड सारायची.

ती गेली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सासूबाई कोकापला आल्या. फडताळात तिच्या हातची शेवटची बरणी होती, ती मी दावेतसाठी उघडली. सासूबाईंनी वाटी संपवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "गुणाची होती गं तुझी आई. एकदा पाक करपला म्हणून काय झालं? आणि हा तुझ्या वातेसच्या दुकानातलाच ना? ते चालू आहे ना अजून?"

पोनिराच्या हातातली वाटी ओठांशीच थांबली. चव तिने ओळखली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते याची वाट पाहत.

"नाही," मी म्हणाले. "बंद झालं ते दुकान."