मुकादमाचा हातमोजा

कुत्र्यांच्या निवाऱ्यात मावशी सकाळी पिंजरे धुवायला लागल्या की मुकादम त्यांच्या मागेमागे फिरायचा, तोंडात त्यांचा जाड चामडी हातमोजा धरून. एका कानाचा, तपकिरी, म्हातारपणाकडे झुकलेला कुत्रा. एखादा कोपरा धुवायचा राहिला की तिथेच बसकण मारायचा, म्हणून निवाऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला हे नाव दिलं होतं.

हातमोज्याची सवय मावशींनीच लावली होती. मुकादम निवाऱ्यात नवा होता तेव्हा कुणाला जवळ येऊ देत नसे. वाडग्यात खाणं घालताना त्यांनी एकदा रिकामा हातमोजा पुढे केला. त्याने तो पकडला. त्या म्हणाल्या, "घे, तुझाच." तेव्हापासून आधी हातमोजा आणि मग जेवण, असं ठरूनच गेलं.

सरकारचा नवा नियम आला तेव्हा सगळ्यांत जास्त बरं मावशींना वाटलं होतं. पूर्वी नको असलेल्या जनावरांना एकापाठोपाठ एक, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत संपवत. मावशी त्या दिवशी नळ मोठा सोडून ठेवायच्या, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. आता आधी गुंगीचं इंजेक्शन, वेगळी खोली, जवळ ओळखीचं माणूस, आणि डॉक्टरांनी छाती ऐकून खात्री केल्याशिवाय जनावर हलवायचं नाही. वाईट म्हणावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं. मात्र पिंजऱ्यात किती कुत्री ठेवायची तेही त्याच नियमात होतं. जास्तीच्या कुत्र्यांची स्वभावपरीक्षा घ्यायची. पास होतील ती लोकांच्या घरी द्यायची, आणि नापास होतील ती कुणालाच देता येणार नव्हती.

परीक्षेला तपासनीस आले. त्यांच्याकडे लांब काठी होती, काठीच्या टोकाला रबरी हात आणि त्या हातावर चामडी मोजा. कुत्रा खात असताना तो हात वाडग्यात घालायचा.

मुकादमाने हात पाहिला, खाणं सोडलं आणि मोजा तोंडात धरला.

"अहो, चावत नाहीये तो, घेतोय!" मावशी ओरडल्या.

"बाई, दात लागले."

"शेपटी बघा की त्याची! कशी हलतेय!"

तपासनिसांनी हातातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "शेपटीचा रकाना नाही हो यात," ते ओशाळून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी खूप गळ घातली. फेरपरीक्षा एकदाच मिळत असे, ती पुढच्या महिन्यात मिळाली.

घरी मावशींच्या लेकीने सगळं ऐकून घेतलं. तान्हं मूल तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"आई, घेऊन ये त्याला इथेच. खाटेखाली पडून राहील."

"नापास झालेला फाटकाबाहेर काढता येत नाही गं. पास झाला की त्याच दिवशी आणते."

"मग शिकव ना. मला पाढे शिकवलेस तसे."

"तुला कुठे येतात अजून?"

"तू ओरडायचीस ना, म्हणून. त्याच्यावर ओरडू नकोस."

मावशी हसल्या. आधी त्यांनी गोडीगुलाबीनेच घेतलं. हातमोजा लपवला, तर त्याने तो कपाटामागून शोधून आणला. खाताना पुढे धरून "नाही" म्हटलं, तर त्याला तो नवा खेळ वाटला आणि तो आणखीच जोमाने झेपावला. तारीख जवळ येऊ लागली तशी मावशींची झोप उडाली. एके दिवशी त्याने मोजा पकडला, तेव्हा त्यांनी वाडगं ओढून घेतलं, "मरायचंय का तुला?" म्हणून किंचाळल्या आणि तोच मोजा त्याच्या तोंडावर मारला. फार जोरात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला.

त्यानंतर त्याने मोजा कधीच धरला नाही. पिंजरे धुताना तो मागेही येईनासा झाला.

"मावशी, मुकादम रजेवर आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शहाणा झालाय," मावशी म्हणाल्या, आणि राहिलेला कोपरा धुवायला वळल्या.

फेरपरीक्षेच्या दिवशी रबरी हात वाडग्यापाशी आला तसा मुकादम खाणं सोडून मागे सरकला. पाठ भिंतीला टेकली, खाली लघवीचा ओघळ आला. परीक्षेत पाठीला स्पर्शही करायचा असतो. हात पुढे गेला. मुकादम केकाटला आणि कडाडून चावला. मोज्यासकट रबर फाटलं. या वेळी त्याची शेपटी पोटाखाली होती, आणि शेपटीबद्दल कुणी काही बोललं नाही.

तपासनीस फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "पहिल्या वेळी मला आवडला होता तो," ते डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाले. मावशी तिथेच उभ्या होत्या.

वेगळी खोली स्वच्छ होती. खाली मऊ सतरंजी, खिडकीला पडदा. मुकादम कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा. मी बघते सगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ओळखीचं माणूस लागतं ना?"

मावशी जमिनीवर बसल्या आणि थोड्या पुढे सरकल्या. तो आणखी मागे झाला. मग त्यांनी हातमोजा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"घे रे. तुझाच आहे."

मुकादमाने मोज्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा मोज्याकडे. मान थोडी पुढे आली आणि तिथेच थांबली.

"घे ना, राजा. कुणी नाही ओरडणार. घे."

इंजेक्शन टोचलं तेव्हा तो हललाही नाही. डोळे जड होत गेले, पुढचे पाय पसरले, हनुवटी मोज्यापासून वीतभर अंतरावर टेकली. मावशींनी मोजा उचलून अगदी त्याच्या ओठांशी नेला. गुंगीतसुद्धा त्याने तोंड बाजूला वळवलं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी मान हलवली.

बाहेर खाण्याची वेळ झाली होती. बाकीची कुत्री भुंकत होती. मावशी अजून मोजा पुढे धरून बसल्या होत्या.